दोन सॉफ्टवेअर जोडायची पद्धत कशी निवडावी: वेबसाइट, टॅली आणि बँकेच्या उदाहरणासह

रत्नागिरीजवळचा एखादा प्रक्रिया उद्योग डोळ्यांसमोर आणा. हापूसचा पल्प, आंबापोळी, कोकम आगळ असा वर्षभराचा माल आणि हंगामात हापूसच्या पेट्या. काही विक्री घाऊक, काही वितरकांमार्फत, आणि उरलेली वेबसाइटवरून थेट घरोघरी. वेबसाइट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवरचं ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) आहे, हिशेब टॅलीत आहे, पैसे पेमेंट गेटवेमार्फत बँकेत येतात आणि गोदामातली शिल्लक एका एक्सेल शीटमध्ये लिहिलेली असते. यातल्या एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्यामुळे अकाउंटंट मॅडम रोज सकाळी वेबसाइट उघडून एकेक ऑर्डर बघून टॅलीत टाइप करतात. एप्रिल-मेमध्ये या कामात अर्धा दिवस जातो आणि चुका होतात त्या वेगळ्याच.

"तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं, एवढं जोडून द्या" असं काम तुमच्याकडे आलं असेल आणि अशी जोडणी तुम्ही पहिल्यांदाच करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण छोट्या उद्योगाचं घेतलं आहे, कारण यातल्या अडचणी डोळ्यांना दिसतात. हॉस्पिटल, साखर कारखाना किंवा पतसंस्था असली तरी प्रश्न हेच येतात.

नवखा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायची ठरलेली वाट) वापरू की फाइल?" त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. माहिती पोचायला किती उशीर चालेल, आणि जोडणी बंद पडली तर ते कुणाला, किती वेळात कळेल. या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की पद्धत बहुतेक वेळा आपोआप ठरते. ती मिळवायच्या आधी कोड लिहायला बसू नका.

पायरी १: कुठली माहिती कुणाच्या मालकीची, ते कागदावर लिहा

एक कोरा कागद घ्या. वेबसाइट, टॅली, गेटवे, बँक, गोदाम असे पाच चौकोन काढा आणि कुठून कुठे काय जातं त्याचे बाण काढा. प्रत्येक बाणावर माहितीचं नाव लिहा: ऑर्डर, ग्राहकाचा पत्ता, मालाचा भाव, शिल्लक, बिल क्रमांक, जमा रक्कम.

मग प्रत्येक नावापुढे एकच मालक लिहा. मालक म्हणजे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर ज्याचा आकडा खरा मानायचा ती जागा. भाव टॅलीत बदलायचा की वेबसाइटवर? दोन्हीकडे बदलायची मुभा ठेवली तर तुमची जोडणी कितीही चांगली असो, कुणाचा भाव कुणावर चढवायचा हे तिला कधीच कळणार नाही. हा निर्णय तुमचा नव्हे, मालकांचा आणि अकाउंटंटचा आहे. त्यांना एकत्र बसवून तो करून घ्या आणि लिहून ठेवा.

बिल क्रमांक हा यातला सगळ्यात फसवा. वूकॉमर्सचा ऑर्डर क्रमांक हाच बिल क्रमांक म्हणून वापरावा असं सहज मनात येतं. पण जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग मालिकेतला, आर्थिक वर्षात एकदाच येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. वूकॉमर्सचे ऑर्डर क्रमांक सलग नसतात, मध्ये मध्ये आकडे गाळून पुढे जातात. म्हणून बिल क्रमांकाची मालकी टॅलीकडे ठेवा आणि ऑर्डर क्रमांक बिलावर संदर्भ म्हणून टाका. याचा अर्थ तुमच्या कागदावर एक उलटा बाणही आला: टॅलीतला बिल क्रमांक परत वेबसाइटकडे जायला हवा, म्हणजे ग्राहकाला योग्य बिल मिळेल.

पायरी २: प्रत्येक बाणाला विचारा, किती उशीर चालेल?

"सगळं लगेच व्हायला पाहिजे" असं प्रत्येक मालक म्हणतो. त्यात त्याचं चुकत नाही, पण 'लगेच'ची किंमत त्याला कुणी सांगितलेली नसते. ती सांगणं तुमचं काम.

आपल्या बँकांकडेच बघा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, तरी ती आजही तुकड्यांनी चालते: दर अर्ध्या तासाला एक, दिवसात ४८. आयएमपीएसचे पैसे मात्र त्याच क्षणी जातात. दोन्ही सेवा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदत आहेत, कारण पगार किंवा वितरकाचं देणं अर्ध्या तासाने पोचलं तरी कुणाचं अडत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाचं मात्र अडतं.

आपल्या उद्योगात हाच हिशेब लावू. टॅलीतली विक्रीची नोंद दिवसातून एकदा झाली तरी चालते. जीएसटीचं विवरणपत्र (रिटर्न) तर महिन्याने किंवा तिमाहीने भरायचं असतं. पैसे जमा झाल्याची बातमी वेबसाइटला मिनिटाच्या आत मिळायला हवी, नाहीतर ग्राहकाला 'पेमेंट बाकी' दिसतं आणि तो दुसऱ्यांदा पैसे भरतो. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी आठवड्याने केली तरी भागतं.

शिल्लक मालाचं उत्तर मात्र हंगामावर ठरतं. कोकम आगळाच्या बाटल्या गोदामात भरपूर असतात, तिथे तासाभराचा उशीर क्षम्य आहे. हापूसच्या आज निघणाऱ्या पेट्या मोजक्याच असतात आणि त्या घाऊकवाल्यालाही द्यायच्या असतात, वेबसाइटवरही विकायच्या असतात. तिथे पंधरा मिनिटांच्या उशिरातही नसलेली पेटी विकली जाऊ शकते. पण त्यासाठी सगळी जोडणी तत्क्षणी करायची गरज नाही. वेबसाइटला खऱ्या शिल्लकेपेक्षा पाच-दहा पेट्या कमी दाखवा, किंवा सकाळीच वेबसाइटचा वाटा वेगळा काढून ठेवा. असा एक साधा धंद्याचा नियम महागड्या तंत्राचं काम करून जातो, म्हणून तो आधी शोधा.

प्रत्येक बाणावर आता वेळ लिहा: १ मिनिट, १५ मिनिटं, १ दिवस, ७ दिवस. 'शक्य तितकं लवकर' असं कुठेही लिहू नका.

पायरी ३: समोरच्या सॉफ्टवेअरला दारं कुठली आहेत ते तपासा

पद्धत तुमच्या आवडीने ठरत नाही. समोरचं सॉफ्टवेअर काय देतं यावर ठरते. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

टॅलीप्राइममध्ये एक्सेलमधून नोंदी आत घेता येतात. शिवाय टॅली स्वतः सर्व्हर म्हणून चालवता येते: सेटिंगमध्ये ते चालू केलं की ती सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसते आणि एक्सएमएलमध्ये पाठवलेली नोंद स्वीकारते. त्यासाठी तो कॉम्प्युटर चालू हवा, टॅली उघडी हवी आणि योग्य कंपनी लोड केलेली हवी. संध्याकाळी सात वाजता ऑफिसला कुलूप लागलं की तुमचं हे दार बंद. पावसाळ्यात वीज गेली तरी बंद. इंटरनेटवर सतत जाग्या असलेल्या वेबसाइटने टॅलीला थेट हाक मारायची, ही कल्पना इथेच बाद होते.

आणखी एक कारण आहे. त्या पोर्टवर येणाऱ्या विनंतीला टॅली पासवर्ड विचारत नाही. ते पोर्ट राउटरमधून बाहेर उघडं केलं तर जगातल्या कुणालाही तुमच्या वह्या वाचता येतील आणि त्यात लिहिताही येईल. कुणी कितीही घाई केली तरी ते उघडू नका.

म्हणून दिशा उलटी करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवा. तो दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन वेबसाइटला विचारेल, "मागच्या वेळेनंतर काय नवीन?" आणि मिळालेल्या ऑर्डरी आतल्या आत टॅलीला देईल. रात्री ऑफिस बंद असेल तर सकाळी कॉम्प्युटर चालू होताच साचलेल्या सगळ्या ऑर्डरी ओढून घेईल. काही हरवणार नाही आणि बाहेरून आत येणारी वाटही उघडावी लागणार नाही.

वूकॉमर्सकडे सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी) फाइल आहे, रेस्ट एपीआय (वेबवरून हाक मारायचा एपीआय) आहे आणि वेबहुकही (घटना घडताच आपोआप जाणारे निरोप) आहेत. बँकेकडून छोट्या ग्राहकाला सहसा स्टेटमेंटची फाइलच मिळते. थेट एपीआय हवा तर वेगळा करार लागतो.

ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याचं काय? वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ते बंधनकारक आहे. पण इथे तुम्हाला काहीच जोडायचं नाही. टॅलीप्राइम सरकारी पोर्टलशी स्वतःच बोलते आणि आयआरएन (बिलाचा तिथला नोंदणी क्रमांक) घेऊन येते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जे काम आधीच होतं ते पुन्हा लिहिणं म्हणजे आयुष्यभराची देखभाल स्वतःहून गळ्यात घेणं.

पायरी ४: चारांपैकी एक पद्धत निवडा

जोडणीचे मूळ प्रकार चारच आहेत: फाइल, सामायिक डेटाबेस, थेट एपीआय आणि मेसेजची रांग.

फाइलला कमी लेखू नका. एक दिवसाचा किंवा त्याहून जास्त उशीर चालत असेल तर माझी पहिली पसंती फाइललाच असते. फाइल उघडून बघता येते, अकाउंटंटला दाखवता येते, बिघडली तर हाताने सुधारून पुन्हा चढवता येते. सहा महिन्यांनी "त्या दिवशी नेमकं काय आलं होतं?" असा प्रश्न आला तर फाइल फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडलेली असते.

फाइलचा खरा शत्रू एक्सेल. मालाचा बारकोड १३ आकडी असतो. भारतातल्या कंपन्यांचे कोड ८९० ने सुरू होतात. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिक करून उघडली तर बारकोडच्या जागी ८.९०१२३ई+१२ असं काहीतरी दिसतं. कुणी "जरा बघितलं" आणि जाताना सेव्ह केलं, की एक्सेल जे दिसतंय तेच फाइलमध्ये लिहून टाकतं. उरलेले आकडे कायमचे गेले. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकातली शून्यं अशीच उडतात. ०४-०५ ही तारीख ४ मे की ५ एप्रिल, हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून नियम करा: फाइल प्रोग्रॅमने लिहायची, प्रोग्रॅमनेच वाचायची, माणसाला बघायची असेल तर प्रत काढून बघायची. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. अक्षरांसाठी यूटीएफ-८. जुन्या शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या मिळाल्या तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर 'आगळ'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचं: फाइल अर्धी लिहून झालेली असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने ती उचलू नये. आधी वेगळ्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. आणि शेवटच्या ओळीत एकूण नोंदी व एकूण रक्कम टाका, म्हणजे फाइल पूर्ण पोचली की नाही ते वाचणाऱ्याला ताडून बघता येईल.

सामायिक डेटाबेस, म्हणजे वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये थेट शिरून तक्ते वाचायचे. नको. हे वाटतं सगळ्यात सोपं आणि पहिल्या दिवशी चालतंही. पण ते तक्ते वूकॉमर्सच्या घरातली मांडणी आहे, तुम्हाला दिलेलं वचन नाही. पूर्वी वूकॉमर्सच्या ऑर्डरी वर्डप्रेसच्या लेखांच्याच तक्त्यात साठवल्या जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांमध्ये त्या वेगळ्या स्वतंत्र तक्त्यांमध्ये जातात. ज्यांनी एपीआयमधून ऑर्डरी वाचल्या होत्या त्यांना काही बदलावं लागलं नाही. थेट तक्ते वाचणाऱ्यांना सगळं पुन्हा लिहावं लागलं. दोन्ही सॉफ्टवेअर तुमचीच, एकाच टीमची असतील तर गोष्ट वेगळी.

थेट एपीआय दोन दिशांनी वापरता येतो: आपण जाऊन विचारायचं, किंवा समोरच्याने घटना घडताच वेबहुकने कळवायचं. वेबहुक वेगवान, पण एकट्यावर विसंबू नका. वूकॉमर्सचा वेबहुक लागोपाठ पाचपेक्षा जास्त वेळा पोचू शकला नाही तर वूकॉमर्स तो बंद करून टाकतो. तुमचा सर्व्हर रविवारी थोडा वेळ आडवा झाला, नंतर उभाही राहिला, तरी वेबहुक बंदच राहतो. वेबसाइटवर ऑर्डरी येत राहतात, टॅलीत काहीच येत नाही, आणि स्क्रीनवर कुठे लाल अक्षर दिसत नाही. म्हणून वेबहुक वापरलात तरी रात्री एकदा एपीआयला "आज बदललेल्या सगळ्या ऑर्डरी दे" असं विचारून सुटलेल्या ऑर्डरी गोळा करा.

विचारताना एक अडचण जवळपास प्रत्येकाला येते. वूकॉमर्सचा एपीआय एका वेळी मुळात १० च ऑर्डरी देतो. मागितल्या तर जास्तीत जास्त १००. चाचणीच्या दिवशी सात ऑर्डरी असतात, सगळं झकास चालतं. अक्षय्य तृतीयेला साठ येतात आणि टॅलीत दहाच दिसतात. उत्तरासोबत एकूण पानं किती ते येतं. ते वाचा आणि शेवटच्या पानापर्यंत जा.

पैशांच्या बातमीसाठी मात्र वेबहुक हवाच. तो आला की आधी सही तपासा, म्हणजे तो खरंच गेटवेकडून आलाय याची खात्री होते. लगेच नोंदवून 'मिळाला' असं उत्तर द्या आणि पुढचं काम नंतर करा. उत्तराला उशीर झाला तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. रेझरपेसारखे गेटवे रक्कम पैशांत पाठवतात, म्हणजे ४९,९०० आलं तर ते ४९९ रुपये. हे भागायचं राहिलं तर हिशेबात शंभरपट विक्री दिसेल.

रांग, म्हणजे पाठवणारा निरोप ठेवून निघून जातो आणि घेणारा सवडीने उचलतो. दोघं एकाच वेळी जागे असायची गरज नाही. टॅलीचा कॉम्प्युटर रात्री झोपत असल्याने आपल्याला ही कल्पना हवीच आहे, पण त्यासाठी रॅबिटएमक्यू किंवा काफ्का अशी रांगेची मोठी सॉफ्टवेअर बसवू नका. काफ्का लिंक्डइनमध्ये प्रचंड प्रमाणावरच्या घटनांसाठी घडला. दिवसाला दोनशे ऑर्डरींसाठी डेटाबेसमधला एक तक्ता पुरतो: ऑर्डर क्रमांक, मजकूर, स्थिती, किती वेळा प्रयत्न केला, शेवटची चूक काय. स्थिती तीनच: बाकी, झालं, अडलं. त्या गावात रात्री दोन वाजता काफ्का दुरुस्त करणारं कुणी नाही. तक्ता मात्र कुणीही उघडून वाचू शकतं. पद्धत निवडताना हे वजन तंत्राच्या ताकदीइतकंच धरा.

तयार जोडण्या विकत मिळतात, त्यांचाही विचार जरूर करा. विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रत्येक व्यवहारामागे पैसे लागतात का? असतील तर मे महिन्याचा खर्च काढून बघा, जानेवारीचा नको. ग्राहकांची नावं, पत्ते आणि मोबाइल क्रमांक कुणाच्या सर्व्हरवरून जातात? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे, त्यामुळे ही जबाबदारी दुकानाची आहे. आणि एखादी ऑर्डर अडली तर ती कुठे दिसते? तिसऱ्याचं उत्तर "अडतच नाही" असं आलं तर दुसरा विक्रेता शोधा.

पायरी ५: तीच गोष्ट दोनदा आली तर काय होईल, ते आधीच ठरवा

तुमच्या प्रोग्रॅमने ऑर्डर टॅलीला पाठवली. टॅलीने नोंद केली, पण उत्तर परत यायच्या आत कॉम्प्युटर हँग झाला. तुमच्याकडे स्थिती 'बाकी'च आहे. पंधरा मिनिटांनी प्रोग्रॅम तीच ऑर्डर पुन्हा पाठवतो आणि एका विक्रीची दोन बिलं होतात. हे कधीतरी होणार असं धरूनच चला.

यावरचा उपाय सरकारच्या ई-इन्व्हॉइस व्यवस्थेत छान दिसतो. आयआरएन हा ६४ अक्षरांचा असतो आणि तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, बिलाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून गणिताने काढतात. तेच बिल पुन्हा पाठवलं तर तोच आयआरएन निघतो, आणि पोर्टल 'हे आधीच नोंदलंय' म्हणून ते नाकारतं. दोनदा पाठवलं तरी बिघडत काही नाही.

तुम्हीही तेच करा. प्रत्येक नोंदीला तिच्यातूनच आलेली, न बदलणारी ओळख द्या. ऑर्डर क्रमांक त्यासाठी उत्तम. ती टॅलीच्या संदर्भाच्या रकान्यात जाऊ द्या. उत्तर आलं नाही तर आंधळेपणाने पुन्हा पाठवू नका, आधी टॅलीला विचारा, "या संदर्भाचं व्हाउचर (नोंद) तुझ्याकडे आहे का?" नसेल तरच पाठवा.

टॅलीचं उत्तर वाचायलाही शिका. वेबच्या सवयीने आपण २०० हा कोड आला की 'झालं' समजतो. टॅली नोंद नाकारतानाही निरोप पोचल्याचा २०० देते आणि खरी हकीकत आतल्या एक्सएमएलमध्ये सांगते: किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या, आणि चुकली असेल तर 'अमुक लेजर (खातं) अस्तित्वात नाही' अशी ओळ. तयार झालेल्यांचा आकडा १ दिसला तरच स्थिती 'झालं' करा.

पायरी ६: नावं, पैसे आणि तारखा जुळवा

खरे दिवस इथे खर्च होतात, आणि वेळेचा अंदाज देताना नवखे लोक नेमकं हेच विसरतात.

वेबसाइटवर 'हापूस आंबा पल्प, ८५० ग्रॅम' असतं. टॅलीत 'आंबा पल्प ८५० डबा'. नावावरून जुळवू नका. प्रत्येक मालाला एक छोटा कोड द्या, दोन्हीकडे तोच लिहा आणि एका तक्त्यात जोड्या लावा. तो तक्ता अकाउंटंटला स्वतः बदलता आला पाहिजे. नवीन माल आला की दर वेळी तुम्हाला फोन करायला लागता कामा नये.

मराठीत नावं असतील तर आणखी एक जपा. 'कऱ्हाड' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: खालचा टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण प्रोग्रॅमला ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (अक्षरं एकाच रूपात आणायची प्रक्रिया) केलं तरी ते एक होत नाहीत. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांचंही तेच. तुलना करण्याआधी एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलून घ्या. किंवा सरळ पिनकोड आणि ग्राहक क्रमांकावर जुळवा, ते जास्त बरं.

पैशांत पैसा-दोन पैशांचा फरक हमखास येतो. वूकॉमर्स कर प्रत्येक ओळीवर जवळच्या पैशात आणू शकतं किंवा एकूण बेरजेवर, सेटिंग आहे. टॅलीत मात्र दोन्ही बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे, नाहीतर व्हाउचर आत जात नाही. उरलेला फरक 'राउंड ऑफ' लेजरला टाकायची सोय पहिल्याच दिवशी करा.

तारखेचं सांगतो. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता आलेली ऑर्डर जागतिक वेळेनुसार ३१ मार्चच्या रात्री साडेआठची असते. चुकीची वेळ उचलली तर ती विक्री मागच्या आर्थिक वर्षात जाते आणि सीएचा फोन येतो. वूकॉमर्स दोन्ही वेळा वेगवेगळ्या रकान्यांत देतं. कुठली घेताय ते जाणूनबुजून ठरवा.

पायरी ७: रोजची मिळवणी आणि हाक कुणाला

रोज सकाळी एक छोटा अहवाल आपोआप निघाला पाहिजे: काल वेबसाइटवर इतक्या ऑर्डरी, इतकी रक्कम, टॅलीत इतकी बिलं, इतकी रक्कम, फरक इतका, अडलेल्या ऑर्डरी या. चार ओळी पुरेत. फरक शून्य असला तरी तो निघू द्या, कारण जोडणी मेल्यावर अहवालही येत नाही, आणि सवयीचा निरोप आला नाही हे माणसाच्या चटकन लक्षात येतं.

चुकीचा निरोप अशा भाषेत लिहा की वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळेल. 'एरर ४२२' याने अकाउंटंटला काही कळत नाही. "ऑर्डर ४५१२ अडली. 'कोकम आगळ ७५० मिली' हा माल टॅलीत नाही. माल तयार करा, ऑर्डर आपोआप पुन्हा जाईल" याने त्या दोन मिनिटांत काम संपवून पुढे जातात. आणि तो निरोप तुम्हाला नव्हे, त्यांना जाऊ द्या. तुम्हाला फक्त तेव्हाच, जेव्हा प्रोग्रॅम स्वतः बंद पडेल.

पायरी ८: चालू कधी आणि कसं करायचं

टॅलीच्या कंपनीची प्रत काढून त्यावर चाचणी करा. टॅलीच्या विनापरवाना शैक्षणिक मोडमध्ये चाचणी करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी घेतल्या जातात. बाकी तारखांच्या ऑर्डरी नाकारल्या गेल्या म्हणून तासन् तास आपला कोड तपासत बसू नका.

मुद्दाम मोडून बघा. टॅली बंद करून ऑर्डर द्या. मधेच इंटरनेटची वायर काढा. तीच ऑर्डर दोनदा पाठवा. ऑर्डर रद्द करा, अर्धे पैसे परत करा. परताव्याची क्रेडिट नोट टॅलीत कशी पडते ते अकाउंटंटला दाखवून घ्या. पत्त्यात स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह घाला.

मग एक पूर्ण महिना दोन्ही चालू ठेवा: मॅडम हाताने टाइप करतायत ते खऱ्या कंपनीत, तुमची जोडणी प्रतीच्या कंपनीत. महिनाअखेर दोन्हींचा विक्रीचा आणि कराचा आकडा एक आला की हातचं काम थांबवा. हा महिना ऑगस्ट-सप्टेंबरचा निवडा. एप्रिल-मेमध्ये कुणाला मान वर करायला वेळ नसतो, आणि मार्चअखेर हिशेबाच्या माणसाला हात लावू नये.

चालू झाल्यावर ऑफिसच्या भिंतीवर एक पान लावा: प्रोग्रॅम कुठल्या कॉम्प्युटरवर आहे, तो कसा बंद-चालू करायचा, अडलेल्या ऑर्डरी कुठे दिसतात, एपीआयच्या चाव्या कुणाकडे आहेत, आणि जोडणी दोन दिवस बंद राहिली तर हाताने फाइल चढवून काम कसं पुढे न्यायचं. चाव्यांचे आकडे मात्र त्या पानावर लिहू नका.

पद्धत पुन्हा तपासायची वेळ कधी येते? दुसरं गोदाम उघडलं आणि दोघांची शिल्लक एकत्र दाखवायची झाली तेव्हा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्री सुरू झाली तेव्हा, कारण तिथे शिल्लक चुकली तर दंड बसू शकतो. किंवा सकाळच्या अहवालात अडलेल्या ऑर्डरी दर आठवड्याला वाढत चालल्या तेव्हा. त्या वेळी पहिल्या पायरीवरचा कागद बाहेर काढा आणि बाणांवरच्या वेळा नव्याने लिहा. बहुतेकदा एक-दोनच बाण बदललेले असतात. तेवढेच बदला, बाकीचे चालू द्या.